हर्सूल नावाचा शेजारी देश

धुणंभांडी करणाऱ्या भागूबाईनं येत्या दिवाळीपासून घरटी दोनशे रुपये वाढवून मागितले, तेव्हा इमारतीतल्या पाचही घरांनी एकमुखानं नाही म्हणायचं ठरवलं. पण तिला तसं सांगायचं कोणी? सोसायटीचे अध्यक्ष काकासाहेब यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि ती कोपऱ्यातल्या रामकिसनरावांवर आणून ठेवली.

"रामकिसनराव, तुम्ही बोला. महागाईच्या खात्यातला माणूस आहात तुम्ही."

रामकिसनराव निवृत्त होईपर्यंत एकोणतीस वर्षं सरकारी नोकरीत गुलमंडीच्या बाजारातल्या ठरलेल्या दुकानांत जाऊन ठरलेल्या वस्तूंचे भाव लिहून आणत. तूरडाळ एक किलो, जिरं शंभर ग्रॅम, साबणाची एक वडी. त्यातून पुढे कुठंतरी देशाची महागाई निघे. किराणावाले वहाबभाई दर महिन्याला म्हणत, "साब, पूछते बहोत, लेते कुछ नहीं." रामकिसनराव कानापर्यंत लाल होत आणि पुढच्या वस्तूचा भाव विचारत. घरचा किराणा त्यांच्या पत्नी मनकर्णाबाईच आणत.

"जपून बोला," मनकर्णाबाईंनी बजावलं. "माझ्या गुडघ्यांची काय गत आहे ते बघताय ना? भागूबाई गेली तर भांडी तुम्ही घासायची."

तोंडावर नाही म्हणणं रामकिसनरावांना जन्मात जमलं नव्हतं. म्हणून त्यांनी कागदाचा आधार घेतला. वर्तमानपत्रांतून शेजारी देशांच्या महागाईचे आकडे काढले आणि रंगीत पेन्सिलींनी तक्ता केला. श्रीलंकेला कागद पुरेना, म्हणून वर डिंकानं दुसरा जोडला.

भागूबाई हात पुसत समोर येऊन बसली.

"हे आपले शेजारी देश," रामकिसनराव तक्त्याकडेच बघत म्हणाले. "वर्षभरात कुठं भाव किती वेगानं वाढले, त्याचे हे खांब. ही श्रीलंका."

"बया! ही तर टेबलाच्या पार गेली."

"हा पाकिस्तान, हा बांगलादेश, हा नेपाळ. आणि हा आपला. सगळ्यांत बुटका."

"मंग आपल्याकडं भाव उतरले व्हय?"

"उतरले नाहीत. वाढले, पण हळू."

"म्हंजे वाढले."

"वाढले," रामकिसनरावांनी कबूल केलं.

"आन् ह्या उंच देशात धुणंभांडी करणाऱ्या बायांना वाढवून दिलं का नाय?"

हे वर्तमानपत्रात नव्हतं. "बघून सांगतो," ते पुटपुटले.

"आन् ह्यो आपला बुटका कुठल्या दुकानात मोजला?"

"पुष्कळ दुकानांत. देशभर. इथं... इथं मी गुलमंडीत मोजायचो."

"मी कवा गेले गुलमंडीला? मी ऱ्हाते तिथंच, हर्सूलला घेते. दहा-दहाच्या पुड्या." असं म्हणून भागूबाई उठली. "दिवाळीपर्यंत सांगा साहेब. नाय जमलं तर पलीकडच्या कॉलनीत बोलावलंय मला."

रामकिसनरावांचं जेवणात लक्ष लागेना. कुठल्या दुकानात मोजता, हा प्रश्न एकोणतीस वर्षांत कोणी विचारला नव्हता. त्यांनी स्वतःला तरी कुठं विचारला होता? पण नोकरीत एक गोष्ट अंगात मुरली होती. भाव कळायचा तर टेबलाशी बसून कळत नाही, दुकानाच्या पायरीवर जावं लागतं. दुसऱ्या दिवशी भागूबाईचं काम आटोपायच्या वेळी ते वही घेऊन हर्सूलला तिच्या मागोमाग निघाले.

तिच्या नेहमीच्या दुकानात चहाची पुडी दहा रुपयांना होती. गेल्या दिवाळीलाही दहालाच होती म्हणे. साबण तसाच, बिस्किटंही तशीच. रामकिसनरावांना हायसं वाटलं.

"भागूबाई, तुमच्याकडे तर काहीच वाढलं नाही की!"

"घरला चला," भागूबाई एवढंच म्हणाली.

तिच्या दारावर गेल्या दिवाळीला रिकाम्या पुड्या विणून केलेलं तोरण लटकत होतं. तिनं नवी पुडी साहेबांच्या हातात दिली आणि तोरणाकडं बोट दाखवलं. रामकिसनराव स्टुलावर चढले, चष्मा कपाळावर सरकवून तोरण वाचू लागले. पुडीवर किंमत तीच होती. वजन मात्र वर्षभरात जवळजवळ पाचव्या हिश्श्यानं झडलं होतं. साबणाचंही तेच, बिस्किटांचंही तेच.

एक म्हातारा दारावरचं तोरण वाचतो आणि वहीत लिहितो, हे गल्लीनं पाहिलं. "सर्वेवाले आले!" अशी हाळी उठली. शेजारची चतुराबाई रेशनकार्ड घेऊन धावत आली.

"साहेब, माझ्या सुनेचं नाव चढवा ह्याच्यात."

"मी त्या खात्यातला नाही हो."

"मंग नळाचं तरी लिवा. चार दिसांनी येतंय पाणी."

नाही म्हणणं जमत नसल्यामुळं रामकिसनरावांनी नळाचं लिहिलं. मग गटाराचं लिहिलं, खांबावरच्या दिव्याचं लिहिलं, एका हरवलेल्या शेळीचंही लिहिलं. ते स्टुलावरून उतरले तेव्हा चार पानं भरली होती.

रविवारी सोसायटीच्या बैठकीत त्यांनी तक्ता उलगडला. पाच खांबांच्या शेजारी आता सहावा होता. नेपाळ, बांगलादेशाच्या डोक्यावरून पार जाऊन पाकिस्तानच्या खांद्याला टेकलेला. त्याखाली सुबक अक्षरात लिहिलं होतं, 'हर्सूल'.

"हे काय?" काकासाहेब ओरडले. "हर्सूल कधीपासून शेजारचा देश झाला?"

"शेजारी तर आहेच," रामकिसनराव खाली बघत म्हणाले. "देश आहे का, ते... मीही परवा पहिल्यांदाच गेलो. चुकलंही असेल माझं."

"चुकलंच! अहो, जगात काय चाललंय बघा. त्या श्रीलंकेत लोकांचे हाल..."

"काकासाहेब," मागून मनकर्णाबाईंचा आवाज आला. गुडघे धरत त्या उठून उभ्या राहिल्या. "जुलैत तुमच्या पेन्शनीचा महागाई भत्ता वाढला, तेव्हा तुम्ही आम्हाला पेढे वाटलेत. तेव्हा कुठं गेली होती श्रीलंका?"

बैठकीत कोणी हसलं, कोणी खोकलं. काकासाहेबांनी तक्ता उलटा धरून पाहिला, पण हर्सूल काही बुटकं होईना. दोनशे रुपये मंजूर झाले.

रामकिसनराव तरंगत घरी आले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या आकड्यानं कोणाचं तरी भलं होताना त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. मनकर्णाबाईंनी रंगीत पेन्सिलींचा डबा त्यांच्यापुढं सरकवला.

"आता माझा खांब काढा."

"तुमचा?"

"तुम्ही मला घरखर्चाला देता ना, त्याचा. सहा वर्षांत किती वाढवलंत?"

रामकिसनरावांनी पेन्सिल उचलली. बराच विचार केला. मग तळाच्या रेघेवर पेन्सिल टेकवली आणि तशीच उचलली. तो खांब काढायला कागद लागतच नव्हता.

दुसऱ्या दिवशी ते पिशवी घेऊन गुलमंडीत गेले. त्यांची चाहूल लागताच वहाबभाईंनी जुन्या सवयीनं, वर न बघता भाव म्हणायला सुरुवात केली. "तूरडाल, जीरा, साबुन..."

"घ्यायचंय," रामकिसनराव म्हणाले.

वहाबभाईंनी चष्मा काढला. "कैकू मजाक करते साब?"

"खरंच. डाळ दोन किलो, जिरं पाव, तेल एक..."

सामान बांधून झालं. रक्कम ऐकताच रामकिसनरावांच्या तोंडून निघून गेलं, "अरे बाप रे! एवढी महागाई?"

"भाव वोइच है साब, जो पाटीपे लिखेला है," वहाबभाई शांतपणे म्हणाले. "इस बार जेब आपकी है ना, इसलिए."

रामकिसनराव कानापर्यंत लाल झाले. पण या वेळी पुढच्या वस्तूचा भाव न विचारता त्यांनी खिशात हात घातला.