काट्यावरचा साखरपुडा

नोव्हेंबरातल्या सोमवारी सकाळी, जिनिंगच्या फाटकाबाहेर कापसाच्या बावीस बैलबंड्या रांगेत उभ्या असताना, नत्थूजींच्या कॉम्प्युटरने 'टक, टक, टक' असा आवाज काढला आणि पडदा काळा करून तो गप्प बसला.

नत्थूजी आंजीजवळच्या ताराचंद शेठजींच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, वजनकाट्यावर होते. बंडी लोखंडी काट्यावर चढली की खोलीतल्या डब्यावर वजनाचे लाल आकडे उजळत, तेच आकडे कॉम्प्युटरमध्ये जात आणि छापील चिट्ठी बाहेर पडे. कॉम्प्युटर आला १९९५ साली. तेव्हा आजूबाजूच्या दहा गावांत दुसरा नव्हता आणि तो चालवणारा माणूसही दुसरा नव्हता. आता दहा वर्षं झाली, तरी नत्थूजी त्याला कोणाचं बोट लागू देत नसत. त्याच्या प्रोग्रामच्या दोन फ्लॉप्या त्यांनी घरी देव्हाऱ्यात ठेवल्या होत्या. "फ्लॉपीले हळदकुंकू नको लावू," असं बायकोला, यशोदाबाईंना, दर सणाला सांगावं लागे.

"काय झालं, नत्थूजी?" शेठजी खिडकीतून डोकावले.

"काही नाई, शेठजी. जरा गरम होऊन राह्यला."

"या थंडीत?" शेठजींनी हात झटकला. "जाऊ द्या, फेकून द्या त्याले. मी नागपूरले सांगून ठेवलं हाय. कंपनी नवा देते, अन् चालवणारा माणूसही सोबत देते."

नवा कॉम्प्युटर येईल याचं नत्थूजींना फार काही वाटलं नाही. पण 'चालवणारा माणूस' हे शब्द त्यांच्या छातीत जाऊन बसले. त्यांनी लगेच वर्ध्याला मेघाला फोन लावला.

मेघाचं वर्ध्यात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. वय सव्वीस, हातात कायम पेचकस, आणि बोलणं पेचकसासारखंच नेमकं. पाऊण तासात ती स्कूटीवर हजर झाली. तिने खोकं उघडलं तर आतून ओंजळभर कापूस निघाला.

"काका, याच्यात सरकी पण पेरली का?"

"मजाक नको करू बेटा. वाचते का, ते सांग."

"बाकी सारं ठीक हाय. हार्ड डिस्क गेली. एवढी लहान डिस्क आता मिळत नाई, अन् आताची मोठी डिस्क हा ओळखत नाई." मेघाने पिशवीतून आगपेटीएवढी हिरवी पट्टी काढली. तिच्या एका बाजूला खाच होती, दुसऱ्या बाजूला पिनांची रांग. सोबत चपटी, रुंद, कडेला लाल रेघ असलेली वायर. "कॅमेऱ्यात फोटोचं कार्ड असते ना? ते या खाचेत बसवायचं अन् या वायरनं याले जोडायचं. हा त्यालेच हार्ड डिस्क समजते. उन्हाळ्यात आणून ठेवला हा अडॅप्टर. तवापासून गिऱ्हाईकाची वाट पाहून राह्यली मी."

"फोटोच्या कार्डात वजन कसं बसन?"

"कार्डाले काय समजते काका, फोटो हाय का कापूस?"

अडचण एकच होती. मेघाकडे कार्ड नव्हतं. पण आंजीत नीलेशचा फोटो स्टुडिओ होता आणि त्याच्या नव्या कॅमेऱ्यात असलंच कार्ड चाले. नीलेशकडे सारखी दोन होती. आदल्या दिवशीच्या कार्यक्रमाने तो इतका दमला होता, की त्याने अर्धवट झोपेत दाराआडूनच मेघाला एक कार्ड काढून दिलं. "रिकामं हाय, खुशाल पुसा," असंही वर म्हणाला.

मेघाने कार्ड पुसलं. घरून आलेल्या फ्लॉप्यांतला प्रोग्राम त्यात भरला, पट्टी खोक्यात बांधली आणि बटण दाबलं. नत्थूजी कान लावून बसले.

"नाई झाला चालू."

"झाला, काका."

"मंग आवाज कुठं हाय? हा सुरू झाला का चक्कीसारखा घरघरते."

"आता आत फिरणारं काहीच नाई. आवाज कशाचा येईन?"

नत्थूजींचा विश्वास बसेना. दहा वर्षांच्या सोबतीत त्यांनी या मशीनला कधी इतकं गप्प पाहिलं नव्हतं. त्यांनी खोक्यावर हात ठेवला, नाडी पाहावी तसा. तेवढ्यात पडदा उजळला. एरवी चहा पिऊन होईपर्यंत वेळ लावणारा प्रोग्राम डोळ्याची पापणी लवायच्या आत समोर उभा होता.

नत्थूजी खुर्चीत ताठ झाले. एकामागून एक बंड्या काट्यावर चढू लागल्या. शेठजी पुन्हा खिडकीशी आले तेव्हा नत्थूजींनी मान न वळवताच सांगितलं, "नव्याची काही गरज नाई, शेठजी. हा आता पहिल्यापेक्षा दुप्पट पळते."

सतराव्या बंडीच्या वेळी नीलेश धावत आला. त्याच्या शर्टाची बटणं वरखाली लागली होती आणि चेहरा पांढराफटक पडला होता.

"काका, कार्ड बदललं."

"मंग बदलून देऊ. त्यात घाबरतं काऊन?"

"तसं नाई जी. रिकामं माह्याजवळच राह्यलं. तुमच्याजवळ गेलं त्यात कालचा साखरपुडा हाय."

"कोणाचा?"

नीलेशने तोंडाने नाव घेतलं नाही. त्याने फक्त हनुवटी बाहेर वळवली. निंबाखाली खाटेवर ताराचंद शेठजी बसले होते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला मुलीच्या साखरपुड्याचं वर्णन ऐकवत होते.

नत्थूजींनी मेघाकडे पाहिलं. मेघाने क्षणभर डोळे मिटले.

"म्या पुसली ती फक्त यादी. फोटो अजून आतच असतीन, वापस काढता येतीन. पण काका, तुम्ही चिट्ठी काढली का ते वजन कार्डावर लिहिलं जाते. कुठं लिहिलं जाते, ते मले सांगता येत नाई. एखाद्या फोटोवरच लिहिलं जात असन."

काट्यावर बापूराव नावाच्या शेतकऱ्याची बंडी उभी होती. आकडे आले होते. नत्थूजींचं बोट बटणावर टेकलं होतं, ते तिथेच थिजलं. या बोटाखाली आता व्याही होते की विहीणबाई, कोण जाणे!

"दाबा ना जी!" बापूराव ओरडले.

"नाई दाबत."

"काऊन?"

"तुमचा कापूस..." नत्थूजींनी बंडीकडे पाहिलं. "तुमचा कापूस जड हाय."

"जड हाय त मंग चांगलंच हाय ना!"

मेघाने तेवढ्यात कॉम्प्युटर बंद केला, कार्ड काढून रुमालात गुंडाळलं आणि नीलेशला स्कूटीवर मागे बसवून ती स्टुडिओकडे निघाली. नत्थूजींनी कपाटातून जुनं चिट्ठीबुक आणि कार्बन काढला. डब्यावरचे लाल आकडे पाहून ते हाताने लिहू लागले. पहिल्या चिट्ठीवर तर सातचा नऊ होता होता राहिला.

शेठजी आलेच. "हे काय? हातानं?"

"नवीन पार्ट हाय, शेठजी. पहिल्या दिवशी दुपारी आराम द्या लागते. नवी फटफटी कशी, पहिले हळूहळू चालवतो आपण."

"अच्छा. अन् मेघाबाई?"

"जेवाले गेली."

"अन् नीलेश?"

"तो... तोही जेवाले."

शेठजींनी धुरळा उडवत निघालेल्या स्कूटीकडे पाहिलं. दोघं एकाच गाडीवर होते. शेठजी अर्थपूर्ण हसले आणि पुढे काही न विचारता निघून गेले. मेघाच्या अब्रूचं नत्थूजींना वाईट वाटलं, पण त्या घटकेला तो खुलासा परवडणारा नव्हता.

दुपारभर त्यांनी लिहिलं. जेवणाचा डबा तसाच राहिला. ते मनाशी वाक्यं जुळवत होते. 'शेठजी, चूक माही हाय.' छे. 'शेठजी, मशीनचा दोष नाई.' हे त्यातल्या त्यात बरं होतं. नोकरी जायची तर जावो, पण मशीनला कोणी नाव ठेवू नये.

चारच्या सुमारास मेघा नीलेशला घेऊन परतली. "शहाण्णवपैकी ब्याण्णव मिळाले, काका. दोन पंगतीचे गेले, एक मांडवाचा. अन् एकात जावईबापू अर्धेच उरले."

"कोणता अर्धा?"

"खालचा."

या वेळी तिने रिकामं कार्ड तीन वेळा तपासून बसवलं. नत्थूजी सकाळपासूनची वजनं एकेक करून कॉम्प्युटरमध्ये भरू लागले. नीलेशने संशय नको म्हणून वीसेक फोटो छापूनच आणले होते. आणि नेमकी त्याच वेळी शेठजींची गाडी काटाघरापाशी थांबली. आतून शेठजी उतरले आणि त्यांच्यामागून मयुरी, म्हणजे नवरी मुलगी.

"नीलेशभाऊ इथं हायेत म्हणे. फोटो पाहू द्या ना!"

नीलेशने पाकीट दिलं. नत्थूजी उभे राहिले. मेघा पेचकस पिशवीत ठेवत होती, ती थांबली. मयुरी एकेक फोटो पाहत गेली आणि तिचा चेहरा उतरत गेला.

"याच्यात माहे डोळे बंद. याच्यात बंद. याच्यातही बंद. अन् याच्यात एक उघडा!" तिने पाकीट वडिलांच्या हातात कोंबलं. "पप्पा, हे सासरी गेले त लोक म्हणतीन, पोरगी झोपेतच देऊन टाकली. आताच्या आता पुसून टाका सारे. एकही नाई ठेवायचा."

नीलेश मटकन एका कापसाच्या गाठीवर बसला. मेघाने तोंडाला ओढणी लावली. तिचे खांदे हलत होते.

नत्थूजींनी शर्टावरचा कापूस झटकला. दिवसभर जुळवलेलं एकही वाक्य त्यांना आता आठवत नव्हतं.

"मयुरीताई," ते म्हणाले, "ते काम आपल्या मशीननं सकाळीच करून टाकलं होतं. मेघाबाईनं दिवसभर खपून ते वापस आणले."

"म्हणजे?" शेठजींनी विचारलं.

मग नत्थूजींनी सगळं सांगितलं. हार्ड डिस्क, हिरवी पट्टी, बदललेलं कार्ड, बापूरावांचा जड कापूस, आणि दोघांचं न झालेलं जेवण. शेठजी ऐकत होते. त्यांनी एकदा फोटोंकडे पाहिलं, एकदा मेघाकडे, आणि मग खोक्यात वायरीच्या टोकाला बसलेल्या त्या इवल्याशा कार्डाकडे. आधी त्यांचं पोट हललं, मग मिशा हलल्या, आणि मग ते इतके मोठ्याने हसले की बाहेर काट्यावर उभे असलेले बैल दचकले.

"नागपूरले फोन लावा, नत्थूजी. नवा नको म्हणा, अन् माणूसही नको म्हणा. माह्या पोरीचा साखरपुडा गिळून ज्यानं जसाच्या तसा वापस दिला, त्या मशीनले कोण बदलते?"

नत्थूजींचा ऊर भरून आला. तरीही काट्यावरचा माणूस होता तो. कमीजास्त त्याला खपत नसे.

"जसाच्या तसा नाई, शेठजी," ते म्हणाले. "तीन फोटो कमी हायेत. अन् अर्धे जावईबापू."