पान पलटवणाऱ्या बाई

मेडशीत कुणाकडे लग्न असो की बारसं, वानखडे बाई मांडवात शिरल्या की आधी दाराला बांधलेलं केळीचं पान पलटवून बघतात. रामराम वगैरे नंतर. एकदा नवरदेव घोड्यावरून उतरला तरी बाई दारातच, तोरणाच्या आंब्याची पानं मागून न्याहाळत. नवरदेवाच्या मामानं विचारलं, "बाई, काई हारपलं काय?"

"हारपलं नाई. वरून सगळेच हिरवे दिसतात. खालून पाहा लागते."

बाईंनी आम्हाला शाळेत विज्ञान शिकवलं. आता त्या निवृत्त आहेत आणि त्यांचं वावर आमच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून आहे. गळ्यात मंगळसूत्र नाही, काळ्या दोरीत ओवलेलं भिंग आहे. दवाखान्यात नंबर येईपर्यंत तिथल्या जास्वंदीची पानं पलटवतात. भाजीवाल्याकडून कोथिंबीर घेतात आणि भेंडीच्या पानाची चौकशी करतात. तो बिचारा म्हणतो, "बाई, मी भेंडी इकतो, पानं नाई इकत."

यंदा आमच्या सोयाबीनमध्ये मधेच काही झाडं पिवळी पडली. पानांवर हिरवे-पिवळे ठिपके, कुणी रंग शिंपडल्यासारखे. मला वाटलं खत कमी पडलं. मी गोणी आणायला निघालो तेवढ्यात बाई धुरा ओलांडून आल्या आणि एका झाडाजवळ बसल्या. मला म्हणाल्या, "खत टाकू नको. हा पिवळ्या मोझॅकचा रोग आहे."

त्याच वेळी माझी बायको ज्योती भाकर घेऊन आली. नेमकी हळदी रंगाची साडी नेसून. तिला पाहून बाईंचा चेहरा उजळला.

"थांब पोरी. तिथंच उभी राह्य. हलू नको."

"बाई, जेवायची वेळ झाली."

"भाकर कुठं पळून नाई चालली."

ज्योती टोपली डोक्यावर घेऊन सोयाबीनमध्ये उभी राहिली. बाईंनी आजूबाजूची झाडं हलवली. पानांखालून पिठासारखं काहीतरी भुर्रकन उडालं आणि त्यातलं थोडं तिच्या पदरावर येऊन बसलं.

"पिवळा रंग दिसला का ते धावते," बाई म्हणाल्या आणि भिंग माझ्या हातात दिलं. "पाह्य."

मी पाहिलं. पिठाच्या कणाला चार पंख होते. पांढरे, पावडर लावल्यासारखे. दोन लालसर डोळे. इतक्या लहान जीवाला डोळे असतात, हेच मला नवीन होतं. मी श्वास रोखला, उडेल म्हणून.

"पांढरी माशी," बाई हळू आवाजात म्हणाल्या, देवळात बोलतात तसं. "हिची सोंड केसाहून बारीक. पानात खुपसते आन् जिथून रस वाह्यते तिथवर नेमकी पोचते. आतमंधी सारा अंधार. कोणं शिकवलं असन तिले?"

"आन् रोग?"

"रोगट झाडाचा रस पेली का विषाणू हिच्या पोटात जाते. पोटातून रक्तात, रक्तातून लाळेत. मंग चांगल्या झाडावर बसली, सोंड खुपसली, का लाळेसंगं तो त्या झाडात. तो तं या भिंगातूनबी दिसत नाई, इतका बारीक. न चालता, न उडता सारं वावर फिरून येते."

"मंग हिले काई होत नाई?" ज्योतीनं विचारलं.

"हिले काई नाई. खाते-पिते, उडते. जगते तवरक घेऊन फिरते."

ज्योतीनं पदराकडे पाहिलं. आमचं निम्मं वावर त्या पिठानं नासवलं असतं. "मेली, सटवी," म्हणत तिनं चापट उगारली.

बाईंनी तिचा हात धरला. "मारायचं तं मार. फवाराबी मारा लागन. पण शिव्या देऊ नको. तिले काय मालूम तिच्यासंगं काय आलं ते."

मग रोगट झाडं ओळखून उपटायची, पोत्यात भरायची आणि पुरायची, असं ठरलं. आम्ही तिघं एका ओळीत लागलो. बऱ्याच वेळानं बाई बोलल्या, झाडाकडे बघतच.

"कोरोनाच्या साथीत आमाले सर्व्हेले पाठवलं होतं. घरोघर. मले साधा खोकला नाई आला. सरांले आला."

सर म्हणजे त्यांचे यजमान. त्या साथीतच ते गेले. मी हातातलं झाड उपटून पोत्यात टाकलं.

दुपारी निंबाखाली भाकरीचं फडकं सोडलं. सर गेल्यापासून बसतात तशा बाई आपला डबा घेऊन धुऱ्याच्या टोकाला, आमच्यापासून लांब बसल्या. ज्योती उठली, ताट घेऊन त्यांच्या शेजारी जाऊन बसली. बाई थोड्या सरकल्या. तीही सरकली. आणि आपल्या ताटातली अर्धी भाकर मोडून तिनं बाईंच्या डब्यात ठेवली.

बाईंनी कितीतरी वेळ त्या भाकरीकडे पाहिलं. मग एक घास तोडला आणि ज्योतीच्या ताटातल्या पिठल्याला लावला.