साठ सेकंदांचे आप्पा

सांगलीच्या कुपवाडातलं माझं शेड दोनच कारणांनी थांबतं. एक, वीज गेली तर. दुसरं, आप्पांनी हात वर केला तर.

आप्पा माण तालुक्यातले, दहिवडीच्या अलीकडचे. घराणं मेंढरांचं, स्वतः मात्र फौजेत वायरलेसवर नोकरी करून पेन्शनीत आलेले. मी गुरांचा चारा कापायची, कडबाकुट्टीची यंत्रं करतो. पाती कशी बदलायची, धार कशी लावायची, हे गिऱ्हाइकांना फोनवर सांगून सांगून घसा बसायला लागला, तेव्हा व्हिडिओचं चॅनेल काढायचं ठरवलं. कॅमेरा आणि एडिटिंग लोणंदच्या दिलावरचं. तो लग्नांची शूटिंग करतो. बोलणारा मी. आवाजासाठी दिलावरनं आप्पांना आणलं.

पहिल्याच दिवशी आप्पांनी कानाला हेडफोन लावला आणि हात वर केला. "समदी गप. एक मिनिट. जागेची शांतता घ्यायची हाय."

"घ्यायची म्हणजे?"

"हरेक जागेची शांतता येगळी असती, मालक. ती आधी भरून घ्यायची. मग व्हिडिओ जिथं जिथं कापला, तिथं खाली अंथरायची. न्हाईतर जोड कानाला टोचतो."

मी भाव केल्याशिवाय कोथिंबिरीची जुडीही घेत नाही. म्हणालो, "मिनिट कशाला? वीस सेकंदांत भागवा."

"साठ."

"चाळीस. सगळी माणसं खोळंबल्यात."

"साठ."

नुसत्या हवेसाठी पुरा भाव मी आयुष्यात पहिल्यांदा दिला.

शूटिंगआधी ते सगळ्यांच्या खिशातल्या किल्ल्या नि चिल्लर काढून घमेल्यात ठेवायला लावत. यंत्रांना रंग मारणाऱ्या मालनबाईंना बांगड्यांवर रुमाल बांधावा लागे. ज्याला शिंक येईलसं वाटे, त्यानं आधीच बाहेर जाऊन शिंकून यायचं. पत्र्याच्या शेडात आवाज घुमतो म्हणून त्यांनी एसटीनं सहा घोंगडी आणून भिंतींना टांगली. तेव्हापासून माझ्या शेडाला मेंढराचा वास येतो. पण आवाज, कबूल करतो, अगदी शेजारी बसून बोलल्यासारखा आला.

फोनवर प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'ओव्हर'. "पोचलो. ओव्हर." "जेवलो. ओव्हर." एकदा मी भडकलो, "संपलं तर फोन ठेवा की!"

"ओव्हर म्हंजे संपलं न्हाई, मालक. ओव्हर म्हंजे आता तुमची पाळी."

पहिला व्हिडिओ चांगला चालला. खालच्या कमेंटी मी चष्मा लावून एकेक वाचल्या. 'आवाज लय क्लिअर.' 'साउंडवाल्याला मानलं गड्या.' यंत्र माझं, शेड माझं, तोंड माझं, आणि कौतुक म्हाताऱ्याच्या कानांचं! आठवीत शाळा सोडून दुसऱ्याच्या वर्कशॉपात झाडू मारण्यापासून मी इथवर आलो. माझ्या दारात येऊन दुसऱ्यानं शाबासकी नेलेली मला खपत नाही. दुसऱ्या व्हिडिओलाही तेच झालं. मनात ते आंबत राहिलं.

तिसऱ्या व्हिडिओच्या दिवशी आप्पांनी हात वर केला. यंत्रं थांबली. आप्पा लांब दाराशी, डोळे मिटून. मी दिलावरच्या कानाशी लागलो. "ह्याच्याकडनं तेवढी माईकची जोडणी शिकून घे. पुढच्या बारीला ह्याला बोलवायचं न्हाई. घरात कुणी विचारत न्हाई, म्हणून हितं येऊन आमाला गप बसवतंय म्हातारं."

दिलावर खाली बघत राहिला. आप्पा हलले नाहीत. साठ झाल्यावर म्हणाले, "झालं. चालू द्या." संध्याकाळी चहा घेतला, पिशवी भरली, निघाले. घोंगडी तशीच टांगलेली.

"ही न्यायची न्हाईत?"

"ऱ्हाऊ द्यात. तुमच्या उपेगी पडतील."

मला वाटलं, परत यायला निमित्त ठेवतोय.

चौथा व्हिडिओ आम्ही दोघांनीच केला. शांतता घेतली नाही. एक मिनिट वाचवलं म्हणून मी खूशही झालो. व्हिडिओ लागला, तर मागचा आवाज दर जोडाला तुटायचा, पुन्हा सुरू व्हायचा, पुन्हा तुटायचा. खाली कुणीतरी लिहिलं, 'मालकांना उचकी लागलीय. कोण आठवण काढतंय बघा.' त्याखाली हसणाऱ्या तोंडांची रांग.

दिलावर म्हणाला, "शेठ, आप्पांना आणा. आणि तुमीच जावा."

दहिवडीच्या रस्त्यानं मी मनात सौदा जुळवत होतो: त्यांचं नाव शेवटी घालू, पण बारीक अक्षरात. मिनिट देऊ, पण जेवणाच्या सुट्टीत.

दुपारची वेळ. आप्पा ओसरीवर एकटेच, समोर स्पीकर. स्पीकरचा दिवा लागलेला, पण गाणं नाही, बोलणं नाही, नुसती बारीक सूं सूं.

"काय ऐकताय?"

"तुमचं शेड. बसा. गप."

मी बसलो. हळूहळू ऐकू यायला लागलं. कुणीतरी खाकरलं. "ही मालन." कुणाचा तरी गुडघा कट्कन वाजला. "ह्यो दिलावर." चप्पल घासली. "वेल्डिंगवाला बजरंग. त्येला एका पायावर उभं ऱ्हायची खोड हाय."

"पण हे ऐकायचं कशाला?"

"मंडळी मुंबईला, नातवंडांपाशी. पोरं तकडंच. मेंढरं इकली. घराची शांतता लय मोठी झालीया, मालक. मग ही लावतो. माणसं बोलत न्हाईत, पर उभी हायती. तेवढं पुरतं."

मिनिट संपलं. ते पुन्हा सुरू झालं. मला राहवलं नाही. "आणि मी? मी कुठं हाय?"

आप्पांनी स्पीकरचा आवाज कमी केला.

"तुमी त्यात न्हाईसा. ह्या मिनटात तुमी बोलत हुता."

तेव्हा मला तिसऱ्या व्हिडिओचा दिवस आठवला. माईक माझ्या कॉलरला होता, आणि हेडफोन त्यांच्या कानाला.

"दिलावरच्या दुकानात धा माणसं बसत्यात," ते म्हणाले, जणू चूक त्यांचीच होती. "एडिटिंगला मोठ्यानं वाजलं आसतं. मालकाचं आसलं बोलणं चार लोकांच्या कानावर जाणं बरं न्हाई. म्हणून तेवढं कापलं, आणि मग दिलावरला पाठवलं. जोड कळला का तुमाला?"

कळला नव्हता. माझी घाण त्यांनी इतकी सफाईनं काढली होती, की मलाही पत्ता लागला नाही. आणि वर सहा घोंगडी ठेवून आले होते. मान वर करवेना. माफी मागायची मला सवय नाही. मला फक्त भाव करता येतो.

"आप्पा," मी म्हणालो, "एक मिनिट पुन्हा घेता? हितंच. माझं."

"वीस सेकंदांत भागवू?" ते हसत म्हणाले.

"साठ."

त्यांनी माईक माझ्या कॉलरला लावला. मी खिशातल्या किल्ल्या काढून पायरीवर ठेवल्या. त्यांनी हात वर केला. मी उभा राहिलो. श्वास मोठा वाटतो म्हणून दाबायला गेलो, तर त्यांनी मानेनंच 'दाबू नका' सांगितलं. एवढं लांब मिनिट मी कधी काढलं नव्हतं.

हात खाली आला.

"आता आलासा," आप्पा म्हणाले. "ओव्हर."

पाळी माझी होती. "चुकलं, आप्पा," एवढंच निघालं, आणि तेही इतकं हळू, की त्यांच्याशिवाय कुणाला ऐकू गेलं नसतं.