तुलना-गटातल्या माणसाची आई

कर्मचाऱ्यांची ताकद आणि रोगप्रतिकारशक्ती वाढवण्याचा निर्णय कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर एकमताने झाला. पोटात चांगले जंतू सोडणारी प्रोबायोटिक कॅप्सूल आणि तिच्या जोडीला डंबेल्सचा व्यायाम, असा तो अभ्यास होता. सहभाग पूर्णपणे ऐच्छिक होता. ज्यांची इच्छा नव्हती त्यांची नावे साहेबांनी मागवून घेतली होती, एवढेच.

साहजिकच टपाल विभागातल्या कारकुनालाही हुरूप आला. चिठ्ठ्या टाकून गट पाडले, तेव्हा तो तुलना-गटात गेला. या गटाच्या कॅप्सूलमध्ये नुसते पीठ होते आणि व्यायाम वर्ज्य होता. फायदा झाला हे दाखवायचे, तर कुणाला तरी तो न होणे गरजेचे होते.

"म्हणजे मी करायचं काय?" त्याने आरोग्य समन्वयक बाईंना विचारले.

"काहीच नाही. पण ते मनापासून करायचं."

कारकुनाला वाटले, हे तर आपण नोकरीला लागल्यापासून करतोच आहोत. पण बाई पक्क्या होत्या. आधी त्याचा जिना बंद झाला, मग टपालाच्या पिशव्या. त्या व्यायाम-गटाने उचलायच्या ठरले. पण त्या गटाच्या कंबरा डंबेल्सनी आधीच धरल्या होत्या आणि नव्या जंतूंचे जुन्यांशी पटेना म्हणून निम्मी मंडळी स्वच्छतागृहात मुक्कामाला होती. अहवालात याला ‘अनुकूलन-अवस्था’ म्हटले गेले. टपाल पडून राहिले.

मग प्रश्नावलीतल्या एका उत्तरावर बाईंचे बोट अडले.

"तुम्ही रोज सकाळी आईंना पलंगावरून उचलून खुर्चीत बसवता?"

"हो. तिच्या गुडघ्यांनी कधीच राजीनामा दिलाय."

"वजन किती?"

"आईचं? कधी केलं नाही हो."

"अहो, म्हणजे हा विनापरवाना भारव्यायाम झाला! उद्यापासून बंद."

"मग तिला उचलणार कोण?"

प्रश्न रास्त होता, म्हणून तो समितीकडे गेला. समितीने व्यायाम-गटातले दोन सर्वांत प्रगत सभासद बाईंच्या देखरेखीखाली कारकुनाच्या घरी धाडले. पहिल्याने कमरेला पट्टा बांधला, दीर्घ श्वास घेतला, वाकला आणि वाकलेलाच राहिला. दुसरा त्याला धरायला धावला, तो मध्येच पोट आवळून संडास कुठे आहे ते विचारू लागला. आई पलंगावरून सगळे पाहत होती.

"अरे, याला आधी खुर्ची दे," ती मुलाला म्हणाली. "मी थांबते."

कारकून पुढे झाला. नियम गेला खड्ड्यात, म्हणत त्याने आईला अलगद उचलून खुर्चीत बसवले आणि तिचे विस्कटलेले केस सारखे केले. बाईंनी हे दारातून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले.

‘मातेमुळे दूषित’ असा शेरा मारून त्याला अभ्यासातून वगळण्यात आले. उरलेल्या तुलना-गटाला इतके दिवस हलूच दिले नसल्याने त्याच्यापुढे व्यायाम-गट वाकलेल्या स्थितीतही भक्कम ठरला. निष्कर्ष निर्विवाद होता. वर्तमानपत्रांनी तो ठळक छापला.

तो वाचूनच तुम्ही त्या कॅप्सूलची महागडी बाटली आणलीत आणि जिमला नाव घातलेत. उत्तम केलेत. दंड पिळदार होऊ लागले आहेत, चेहऱ्यावर तेजही आले आहे. सकाळी व्यायामाला निघताना आतल्या खोलीतून कुणीतरी हाक मारते, तेवढी मात्र कानातल्या गाण्यांमुळे तुम्हाला ऐकू येत नाही.