पीण्यातला गुरुवारचा पाऊस

आमच्या घरमालकांसमोर ‘आज काय उकडतंय!’ असं म्हणायची सोय नाही. म्हटलंत की ते लगेच विचारतात, ‘‘किती?’’

नोकरीसाठी मी पुण्याहून बेंगळुरूला आले आणि महादेवपुऱ्यातल्या एका गल्लीत एकोजी अण्णांच्या घराचा वरचा मजला बघायला गेले. जिना चढताना आपलं काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणाले, ‘‘छान हवा आहे हं इथे.’’ अण्णा पायरीवरच थांबले. खिशातून एक चिटोरं काढून त्यांनी वाचलं, ‘‘सव्वीस पॉइंट चार. दमटपणा एकसष्ट. छान की वाईट ते तुम्ही ठरवा, मी फक्त मोजतो.’’ मग त्यांनी भाडेकरूसाठीची एकमेव अट सांगितली. मासे तळता का, कोण कोण येतं, किती वाजता परतता, यातलं काही नाही. ‘‘ओल्या साड्या गच्चीवर उत्तरेला वाळत घालायच्या. दक्षिणेला बेडा.’’

बेडा म्हणजे नको, एवढं कानडी मला त्या जिन्यावर आलं. मी म्हटलं, मी साड्या नेसत नाही. ‘‘मग चादरी,’’ अण्णा म्हणाले.

गच्चीवर दक्षिणेला त्यांची वेधशाळा होती. एका लोखंडी नळीवर पांढऱ्या प्लास्टिकच्या थाळ्या थोडं थोडं अंतर सोडून उपड्या रचलेल्या, आणि त्यांच्या सावलीत तापमान आणि दमटपणा मोजणारं बोटभर यंत्र. वाऱ्यासाठी स्टीलच्या चार वाट्या गरगर फिरायच्या. पावसासाठी एक फनेल आणि त्याखाली दोन तोंडांची छोटीशी पन्हळ. एक तोंड भरलं की ती कलंडायची, पाणी सांडायचं, दुसरं तोंड वर यायचं आणि प्रत्येक कलंडण्याची नोंद वायरीतून खाली जायची. खाली तीन जुने संगणक एकमेकांना जोडलेले होते. एक दिवाणखान्यात, एक स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यावर आणि मुख्य संगणक देवघरात, कारण बॅटरीचा पॉइंट तिथेच होता. सकाळच्या पूजेत एक जास्वंद त्यालाही मिळायची.

अण्णांचं घराणं कैक पिढ्यांपूर्वी इकडे येऊन राहिलेलं. घरात मराठीच, पण तिला कानडीची फोडणी. पीण्याच्या औद्योगिक भागात एका छोट्या कारखान्यात त्यांची सगळी नोकरी झाली. काम एकच, मोजायची उपकरणं नीट मोजतात की नाही ते तपासायचं. लग्न केलं नाही. का, असं मी आगाऊपणाने विचारलंच, तर म्हणाले, ‘‘बघत बघत राहून गेलं.’’ निवृत्त झाल्यावर घरात मोजण्यासारखं फारसं काही उरलं नाही, तेव्हा ते आभाळाच्या मागे लागले.

त्यांचं आवडतं वाक्य म्हणजे, ‘‘सुम्ने काही होत नसतं.’’ सुम्ने म्हणजे उगाच, विनाकारण. वाट्या थांबल्या तर सुम्ने थांबत नसतात, वर कावळा बसलेला असतो. दुपारी दमटपणा सहाने वाढला तर तो सुम्ने वाढत नसतो, वरच्या बाईंनी चादर दक्षिणेला टाकलेली असते. चोरी पकडली गेली की मी गुपचूप चादर हलवायची.

पण या गृहस्थाची खरी गंमत निराळीच होती. एवढा पसारा मांडून ते अंदाज म्हणून कधी सांगायचे नाहीत. गल्लीच्या ग्रुपवर त्यांचा संदेश यायचा, ‘पाऊस येऊन गेला. ३.२ मिमी.’ तोवर आम्ही सगळे चिंब भिजून घरी आलेलो असायचो. एकदा मी काकुळतीला येऊन विचारलं, ‘‘अण्णा, मला बेळ्ळंदूरला ऑफिसात जायचंय. छत्री नेऊ की नको, एवढं तरी सांगा.’’ ‘‘बेडा,’’ ते म्हणाले, ‘‘पुढचं विचारू नका. झालेलं विचारा.’’ वेधशाळा असून अंदाज नाही, म्हणजे हॉटेल काढून जेवण नाही म्हणण्यातलीच गत. पण त्यांचा चेहरा असा पडला की मी विषय वाढवला नाही.

संगणकाच्या पडद्यावर दोन रकाने होते. पहिला महादेवपुरा, दुसरा पीण्या. पीण्याला त्यांची थोरली बहीण राहते, तुळसाक्का. तिच्या गच्चीवर असंच दुसरं केंद्र होतं. ‘‘शहराच्या पश्चिमेचं माप पाहिजे ना,’’ अण्णा सांगायचे. कधी बहिणीकडे गेलात का म्हटलं, की उत्तर ठरलेलं, ‘‘काम निघालं तर जातो. सुम्ने कसा जाऊ?’’

आणि काम निघायचं. दर गुरुवारी.

ऐन फेब्रुवारीत, आभाळात ढगाचा ठिपका नसताना, गुरुवारी साडेचारला पीण्यात पाऊस पडायचा. मोजून पाच मिनिटं, मग खडखडीत. अण्णा देवघरातून ओरडायचे, ‘‘बघा, यंत्र बिघडलं!’’ मग धुतलेला शर्ट, खिशात स्क्रूड्रायव्हर, आणि मेट्रो बदलून शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. दिवेलागणीनंतर परत यायचे ते हातात डबा घेऊन.

‘‘सापडला दोष?’’

‘‘स्क्रू स्वल्प सैल होता.’’ स्वल्प म्हणजे थोडासा. पुढच्या गुरुवारी तो परत स्वल्प सैल व्हायचा.

आता माझा धंदा दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका शोधण्याचा. डोळ्यांसमोर दर आठवड्याला तीच चूक होतेय आणि आपण स्वस्थ बसलोय, हे मला सोसेना. अण्णांच्या संगणकांची जोडणी मीच नीट करून दिली होती, पासवर्डही माझ्याकडेच. एका रविवारी मी वरच बसून त्यांच्या प्रोग्राममध्ये चार ओळी घातल्या. पाऊस पडतो तेव्हा हवेतला दमटपणा वाढतो. तो वाढला नसेल तर यंत्राने मोजलेलं पाणी पाऊस म्हणून धरू नये, तिथे शून्य दाखवावं. अण्णांना सांगितलं नाही. म्हाताऱ्या माणसाची पायपीट वाचवल्याबद्दल मी स्वतःवर भलतीच खूश होते.

पहिला गुरुवार कोरडा गेला. मी सहज खाली डोकावले, तर अण्णा धुतलेला शर्ट घालून देवघरात पडद्यासमोर बसले होते. पाच वाजले, सहा वाजले. ‘‘यंत्र सुधारलं वाटतं,’’ मी साळसूदपणे म्हटलं. त्यांनी पडदा पुसून परत पाहिला. दुसरा गुरुवारही कोरडा. नंतरच्या सोमवारी मी मुद्दाम चादर दक्षिणेला टाकली, तरी खालून हाक आली नाही. तेव्हा मात्र मला चैन पडेना.

बुधवारी मला एक फोन आला. बाईंचा आवाज खणखणीत होता. ‘‘तू वरची पुण्याची ना? मी तुळसाक्का. कंप्युटरचं काही अडलं तर म्हणून त्यानेच तुझा नंबर यंत्राच्या पत्र्यावर लिहून ठेवलाय. तुझ्या कंप्युटरला काय धाड भरलीये?’’

‘‘का, काय झालं अक्का?’’

‘‘अय्यो, काय झालं काय! मागच्या मागच्या गुरुवारी एक तांब्या ओतला, हा आला नाही. मागच्या गुरुवारी दोन ओतले, तरी नाही. सोमवारी तर अख्खी बादली ओतली. गुडघे दुखतात माझे, जिना सोपा आहे का?’’

‘‘म्हणजे तो पाऊस तुम्ही पाडता?’’ मी विचारलं. मग अक्कांनीच सगळं सांगितलं. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या मुलीच्या लग्नात अण्णांनी फोनवर हवामान बघून छातीठोकपणे सांगितलं होतं, पाऊस नाही, मांडवावर ताडपत्री नको. पानं वाढली आणि आभाळ फाटलं. सांबार अंगणातून वाहत गेलं. अक्का सगळ्या व्याह्यांसमोर म्हणाल्या, ‘‘आभाळातलं कळत नाही तर तोंड कशाला उघडतोस?’’ अण्णा म्हणाले, ‘‘यापुढे कामाशिवाय तुझ्या दारात पाय ठेवणार नाही.’’

‘‘मग काय करू?’’ अक्का म्हणाल्या. ‘‘मी थोरली, मी कशी आधी बोलावू? वर्षभराने हे यंत्र बसवायला आला, ते काम होतं म्हणून. म्हटलं, सरी, ठीक आहे, काम पाहिजे ना तुला, देते काम. त्याला कळू देऊ नकोस हं. त्याला वाटतं यंत्रच बिघडतं.’’

मला हसू येत होतं आणि तोंड लपवावंसंही वाटत होतं. ‘‘उद्या एकदा परत ओता,’’ एवढंच मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी गुरुवार. ऑफिसला दांडी मारून दुपारी मी खाली गेले. म्हटलं, ‘‘अण्णा, संगणक जरा साफ करते.’’ ते ‘सरी’ म्हणून शर्ट बदलायला आत गेले. मी देवघरात बसले. पडद्याशेजारी त्यांची हाताने लिहायची वही उघडीच होती. संगणक काही म्हणो, अण्णा खरं माप शाईने त्या वहीत लिहीत. दुसऱ्याची वही वाचू नये, हे मला माहीत आहे. मी वाचली.

फेब्रुवारीतले सगळे गुरुवार होते. पीण्याच्या रकान्यात प्रत्येक गुरुवारी ठसठशीत अक्षरांत ‘०.०’. आणि पुढे शेऱ्याच्या रकान्यात एकच शब्द, ‘अक्का’. मागची पानं चाळली, तिथेही ‘अक्का’.

म्हणजे त्यांना पहिल्या तांब्यापासून ठाऊक होतं. आयुष्यभर मापं तपासलेल्या माणसाला पाऊस आणि तांब्या यांतला फरक कळणार नाही, असं समजणारी मीच शहाणी! पुढच्या दोन गुरुवारचा शेरा वेगळा होता. पहिल्यापुढे ‘अक्का नाही.’ दुसऱ्यापुढे ‘अक्का नाही. तब्येत?’ आणि ते प्रश्नचिन्ह एवढ्यांदा गिरवलं होतं की कागद फाटायला आला होता.

माझ्या चार ओळी मी पुसल्या. त्या पुसताना मला जेवढी लाज वाटली, तेवढी नोकरीत कुठल्याही चुकीपायी वाटलेली नाही. बाहेर येऊन मी अण्णांसमोर बसून राहिले. त्यांनी कॉफी केली. माझ्या कपातली साखर ते विसरले, मी तशीच प्यायले.

साडेचार वाजले आणि काही झालं नाही. चार पस्तीसला मी मनातल्या मनात अक्कांच्या जिन्याच्या पायऱ्या मोजायला लागले. चार अडतीसला पीण्याच्या रकान्यातला आकडा हलला. मग धडाधड वाढतच गेला. अक्कांनी आज बहुतेक पिंपच रिकामं केलं असावं.

‘‘पाऊस!’’ अण्णा उठले. ‘‘पीण्यात पाऊस! यंत्र बिघडलं बघा!’’ आवाज असा की शेजारच्या गच्चीवरची कबुतरं उडाली. स्क्रूड्रायव्हर खिशात गेला. मागच्या खेपेचा धुतलेला डबा पिशवीत गेला. दाराशी त्यांनी खुंटीवरची छत्री काढली.

‘‘अण्णा, बाहेर रखरखीत ऊन आहे. छत्री कशाला?’’

त्यांनी चपला घातल्या, माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘‘अक्काकडे पाऊस आहे,’’ आणि ती उघडूनच पायऱ्या उतरले.