अर्धा किलो माती

सातपूरच्या कारखान्यातली पहिली पाळी संपवून शेखर घरी आला, तेव्हा त्याची बायको योगिनी गॅलरीत कढीपत्त्याच्या झाडाला पाणी घालत होती. झाड नवं, कुंडीही नवी. कुंडीतली माती पाहून मात्र शेखर आधी कोपऱ्याकडं वळला. तिथली मातीची पिशवी रिकामी होती.

ती माती देवळ्याहून आली होती. त्याचे सासरे पुंजाराम यांनी उन्हाळी कांद्याचं रोप टाकलं होतं आणि ते जागोजागी पिवळं पडत चाललं होतं. मातीत सूत्रकृमी असतील, डोळ्यांना न दिसणारे ते किडे मुळात शिरले की कांदा पोसतच नाही, असं खताच्या दुकानदारानं सांगितल्यापासून पुंजारामांना अन्न गोड लागेना. दोन एकर रान लावणीला तयार होतं. रोपच किडकं निघालं तर लावायचं काय? म्हणून त्यांनी अर्धा किलो माती पिशवीत बांधून गावातल्या एकाच्या मोटारसायकलवरून नाशिकला पाठवली. शेखरनं ती तपासणीला द्यायची होती. तीन दिवस तो ‘उद्या नेतो’ म्हणत होता.

"मला वाटलं, बाबांनी कुंडीसाठी माहेरची माती पाठवली," योगिनी म्हणाली. "भरून आलं हो मला."

भरून आल्यावर तिनं त्या मातीत शेणखत आणि कोकोपीट घालून सगळं नीट कालवलं होतं. सासऱ्यांना फोन करून खरं सांगावं, असं शेखरला वाटलं, पण धीर होईना. या जावयावर काम सोपवलं की बघायला नको, अशी देवळ्यात त्याची ख्याती होती. शेवटी त्यानं स्वतःची समजूत घातली. माती तर तीच आहे, थोडं खत मिसळलं एवढंच. त्यानं झाडाच्या बुडाशी चमच्यानं उकरून अर्धा किलो माती काढली आणि दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत देऊन आला.

अहवाल आठवड्यानं थेट पुंजारामांच्या मोबाइलवर गेला. सूत्रकृमी होते आणि भरमसाट होते. पुंजारामांनी लगेच शेखरला फोन केला. रविवारी ट्रॅक्टरचा रोटर फिरवून रोप मातीत गाडतो आणि दोन्ही एकरांत कांद्याऐवजी झेंडू लावतो, झेंडूनं हे किडे कमी होतात, म्हणाले. शेखरनं घाबरून प्रयोगशाळेत फोन केला आणि कोण्या एका मित्राच्या कुंडीची म्हणून सगळी हकिगत सांगितली. विकत आणलेल्या झाडाच्या मातीतूनही हे किडे येतात, असं त्यांनी सांगितलं. म्हणजे किडे सासऱ्यांचे की कढीपत्त्याचे, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं.

रविवारी पहाटेच दोघं मोटारसायकलवरून निघाले. पोचले तेव्हा ट्रॅक्टर बांधाला लागला होता. सासूबाई विठाबाई तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. शेखर गाडी स्टँडला न लावताच धावला. गाडी योगिनीनं सावरली.

"मामा, थांबवा ते. ती माती तुमची नव्हती. म्हणजे तुमचीच होती, पण कुंडीतली होती."

मग त्यानं कढीपत्त्यापासून चमच्यापर्यंत सगळं सांगून टाकलं आणि मान खाली घालून उभा राहिला. पुंजाराम बांधावर बसले. मग त्यांनी टोपी काढून घाम पुसला.

"लय बरं झालं, पाव्हणं," ते म्हणाले. "ती माती रोपातली नव्हतीच. रोपात चिखल व्हता, पाय रुतत व्हते. म्या बांधावरचीच भरली."

"मग फोनवर का नाही सांगितलं?" शेखरनं विचारलं.

"तुम्ही एवढं काम सोडून पोचवली. म्हटलं, आता कोणत्या तोंडानं सांगू? आन बांधावर एवढे किडे, तर रोपात किती असतील, म्हनून जास्तच भ्यालो."

विठाबाईंनी आधी नवऱ्याकडं पाहिलं, मग जावयाकडं. ट्रॅक्टरवाल्याला परत पाठवून त्यांनी लुगडं खोचलं, खुरपं घेतलं आणि रोपाच्या चिखलात शिरून पाच ठिकाणची माती मुळांसकट काढली. सोमवारी त्या स्वतः एसटीनं नाशिकला आल्या. सोबत पुंजाराम होते, स्टँडवर घ्यायला शेखर होता, पण पिशवी त्यांनी दोघांपैकी कुणाच्याही हाती दिली नाही.

आठवड्यानं अहवाल घ्यायलाही त्या हजर होत्या. दोघं पुरुष त्यांच्या मागं उभे होते. प्रयोगशाळेतल्या मॅडमनी कागद पुढं केला.

"किडे नाहीत, आजी. एकही नाही. पाणी फार झालंय, त्यानं मुळं गुदमरलीत. थोडे दिवस पाणी तोडा, रोप सुधारेल. मोटर कोण चालू करतं?"

पुंजारामांनी खिडकीबाहेर पाहिलं.

"म्हंजी किडा नाय," विठाबाई म्हणाल्या. "आमचे हेच हायेत."

पुंजारामांनी लगेच मोठ्यानं हो म्हटलं, वर दुसऱ्यांदाही म्हटलं. इतक्या आनंदानं गुन्हा कबूल करणारा माणूस शेखरनं आजवर पाहिला नव्हता.