हात वर!

बाजारपेठेतल्या चित्रपटगृहात दर रविवारी काउबॉयचे जुने चित्रपट दाखवले जात. कथा ठरलेली. धुळीने माखलेल्या गावात गुंडांचा सुळसुळाट, मग छातीवर तारा लावलेला कायद्याचा माणूस घोड्यावरून येणार, "हात वर!" म्हणणार आणि गाव ताळ्यावर येणार. नागरिक टाळ्यांचा कडकडाट करत, डोळे पुसत आणि बाहेर पडल्यावर मान खाली घालून, भाईच्या खोक्यांना वळसा घालून घरी जात.

भाई हा गावातला खराखुरा गुंड. त्याने भर रस्त्यात रचलेली खोकी सरकत सरकत ताईच्या शिवणकामाच्या दुकानाला भिडली होती आणि दार बंद झाले होते. ताई आत-बाहेर करायची ती खिडकीतून, गिऱ्हाइकाचे माप घ्यायची तेही खिडकीतून. एकाची पाठ मोजायची राहिली, तर त्याचा सदरा नुसता पुढूनच शिवून झाला. भाईला ते दुकान हवे होते. ताईला त्या दुकानाशिवाय दुसरा आधार नव्हता.

अखेर नगरसभेने ठराव केला: पडद्यावर जे एका माणसाला जमते, ते प्रत्यक्षात न जमण्याचे कारण दिसत नाही; सबब एक शिस्त अंमलदार नेमण्यात यावा. तारा आणि रुंद काठाची टोपी मंजूर झाली. घोड्याची तरतूद नसल्याने अंमलदाराने ऐटीत चालावे, असे ठरले. नेमणूक झाली ताईच्या धाकट्या भावाची, म्हणजे निवृत्त कवायत मास्तरांची. "हात वर!" हा हुकूम देण्यात उभे आयुष्य घालवलेला दुसरा माणूस गावात नव्हता.

"टोपी कानांवर येतेय रे," ताई खिडकीतून म्हणाली.

"येऊ दे. उद्या तू दारातून बाहेर येशील," मास्तर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी भर बाजारात मास्तर खोक्यांसमोर उभे राहिले. आवाज मैदानावरचाच निघाला.

"हात वर!"

सर्वांत आधी नगर अभियंत्यांनी हात वर केले. "रस्ता माझ्याकडे आहे. खोकी रस्त्याच्या वर आहेत. वरचं माझ्याकडे नाही."

"मी तर आज साध्या कपड्यांत आलोय," फौजदारसाहेबांनी हात वर केले.

"माझं दार उघडंय, मी कशाला मध्ये पडू?" शेजारच्या दुकानदाराने केले.

"ठराव करून दिला ना आम्ही?" असे म्हणत नगराध्यक्षांनी दोन्ही हात टोपीच्याही वर नेले.

बघता बघता अख्ख्या बाजाराने हात वर केले. खाली राहिले फक्त भाईचे. तो खोक्यावर बसून दाढी खाजवत होता.

"खोकी माझी. मीच ठेवलीत. बोला, काय म्हणणं आहे?"

बाजारात कौतुकाची कुजबुज झाली. गावात इतक्या वर्षांत एखाद्या गोष्टीची जबाबदारी कोणीतरी प्रथमच घेतली होती. नगराध्यक्ष हेलावून गेले. तिथल्या तिथे सभा भरली आणि अंमलदारपदी भाईचे नाव मांडले गेले. अनुकूल असणाऱ्यांनी हात वर करायचे होते. ते वरच होते.

टोपी भाईला नेमकी बसली. त्याचा पहिला हुकूम रस्त्यातला अडथळा हटवण्याचा होता. चौकशीअंती अडथळा ताईचे दुकान असल्याचे निष्पन्न झाले, कारण खोक्यांना पुढे सरकताना तेच आडवे येत होते. मग तो मास्तरांकडे वळला.

"हात वर!"

"तू नको रे करूस," ताई खिडकीतून कळवळून म्हणाली.

मास्तरांनी सावधानमध्ये उभे राहून दोन्ही हात विजारीच्या शिवणीला घट्ट लावले. विजार ताईनेच शिवलेली होती. हुकूम मोडल्याबद्दल त्यांना अटक झाली. गावात कायद्याचे राज्य आल्यानंतरची ती पहिली अटक.

रविवारी चित्रपटगृह तुडुंब भरले. पडद्यावर एकटा माणूस अख्ख्या टोळीसमोर उभा राहिला, तेव्हा टाळ्या वाजवण्यासाठी सगळ्यांचे हात खाली आले.

हे वाचून वाचकालाही वाईट वाटेल. तो मान हलवून म्हणेल, "आपल्या हातात काय आहे?" तसे म्हणताना आपले हात नेमके कुठे आहेत, तेवढे त्याने एकदा बघून घ्यावे.